आत्याचा मोरपंखी फोटो

पंचवटीत आमच्या भागात पहिला रंगीत फोटो काढला तो गल्लीतल्या फोटोवाल्या काकांनी. म्हणून त्यांना कुणी कलावंत वगैरे म्हणू नये. सायखेड्याहून पांढऱ्या धोतरात आलेल्या एखाद्या आजोबांना ते जांभळा कोट आणि केशरी फेटा चढवायचे, मागे हिरवागार पडदा आणि हातात प्लास्टिकचा लाल गुलाब. माणूस पोळ्याच्या बैलासारखा सजून निघायचा. फोटो रंगीत आहे तर रंग दिसायला नको का, एवढंच त्यांचं शास्त्र. पुढे लोकांना अक्कल आली, साधे फोटो आवडू लागले आणि काकांच्या दुकानात मोबाइलची कव्हरं लटकली. मला वाईट वाटलं, असं खोटं मी बोलणार नाही.

लहानपणी माझ्या वाढदिवसाच्या फोटोसाठी आत्या मला तिथेच घेऊन गेली होती. ती ऐन विशीत विधवा होऊन आमच्याकडे परतलेली, कायम विटक्या पांढऱ्या साडीत. माझा फोटो झाल्यावर काकांनी पेटीतून एक मोरपंखी साडी काढली आणि तिच्यापुढे धरली. ती नको म्हणेल असं मला वाटलं. ती पडद्याआड गेली आणि नेसून आली. गुलाब हातात धरून ती अशी हसली, की पहिल्यांदाच मला तिचे सगळे दात दिसले.

फोटो घरी आला तेव्हा वडिलांनी आकांडतांडव केलं. आत्याने तो ट्रंकेच्या तळाशी ठेवला. यंदा जाण्याआधी मात्र तिने मला बजावलं, "भिंतीवर तोच लाव गं."

ते काम धाकट्या भावाने अंगावर घेतलं. तो पुण्यात नोकरी करतो, त्यामुळे त्याला सगळ्यातलंच कळतं. तेराव्याला चार लोक येणार, बरं दिसत नाही, म्हणून त्याने मोबाइलवर त्या फोटोचा फोटो घेऊन साडी पांढरी केली, चेहरा गुळगुळीत केला, गुलाब पुसला आणि फ्रेम करून थेट भिंतीवर टांगला. बोटं तेवढी तशीच राहिली, चिमटीत काहीच नसलेली. आलेली माणसं फुलं वाहायची आणि हळूच विचारायची, या कोण?

काकाही आले, काठी टेकत. फोटोकडे बघून म्हणाले, "साडी कुठे गेली?"

भावाने कौतुकाने मोबाइल काढून दाखवला.

"नवरा गेला तेव्हा लोकांनी एकदा काढून घेतली होती," काका म्हणाले. "आता तुम्ही."

काका गेल्यावर भाऊ म्हणाला, म्हातारा भ्रमिष्ट झालाय. भावाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी खुर्ची ओढली, त्याची फ्रेम उतरवली आणि ट्रंकेतला फोटो त्याच खिळ्याला लावला. तो गुलाब अजूनही भयाणच दिसतो. पण आता या कोण, असं कुणी विचारत नाही.