दहा फेऱ्यांचा नियम

आमच्या शेजारच्या मर्व्हिन डुचाकने एकतीस वर्षं गावाच्या रिंकवर बर्फ राखला आणि तेवढीच वर्षं पोरांना बर्फावरची हॉकी शिकवली. त्याचा नियम एकच. स्वतःची फुशारकी मारणाऱ्याने रिंकला दहा फेऱ्या मारायच्या. गोल कोणी केला? 'सगळ्यांनी.' विषय संपला. माझा नवराही त्याच्याच हाताखालचा. त्याने मला मागणी घातली ती "आमच्या घरचे लोक बरे आहेत" एवढ्यावर.

यंदा रिंकचं बर्फ गोठवणारं यंत्र कायमचं बंद पडलं. नवं आलं नाही तर हिवाळाभर रिंकला कुलूप आणि मर्व्हिन घरात. त्याची बायको ओलेना मला म्हणाली, "अगं, तूच त्याला दत्तक घे."

तेवढ्यात एका सूप कंपनीने स्पर्धा काढली. आपल्या रिंकची फिल्म पाठवा, सर्वांत जास्त मतं मिळतील त्या गावाला नवं यंत्र. आमच्याकडे हुकमाचा एक्का होता कोल्बी स्ट्रँड. मर्व्हिनचाच चेला, आता मोठ्या लीगमध्ये गाजतोय. पण गाजतो म्हणजे आमच्या देशातच. बास्केटबॉलवाल्यांच्या नावाचे बूट जगभर खपतात, आणि हा पठ्ठ्या सीमेपलीकडच्या देशात उतरला तर त्याला टॅक्सीवालाही ओळखत नाही. का, ते मला फिल्म काढायच्या शनिवारी कळलं.

रिंकच्या दारात कोल्बी उभा, फोन माझ्या हातात.

"म्हण," मर्व्हिन म्हणाला, "मी यंदा बावन्न गोल केले, ते या रिंकच्या जिवावर."

कोल्बीने मान खाली घातली. "सगळ्यांनी मेहनत घेतली. पोरं छान खेळली. आता पुढच्या सामन्याचं बघू."

"कसला सामना? सूप आहे रे, सूप!"

"सूपवाल्यांनीही मेहनत घेतली."

मला हसू आवरेना, फोन हलला. पुन्हा घेतलं. सात वेळा घेतलं. शेवटी मर्व्हिनने टोपी जमिनीवर आपटली.

"अरे गाढवा, एकदा तरी म्हण की तू भारी आहेस!"

"मग दहा फेऱ्या कोण मारणार, कोच? तुम्ही?"

तीच फिल्म गेली. पलीकडच्या गावाचा गोलरक्षक वर्षभर राखीव बाकावर बसलेला, पण तो ट्रॅक्टरवर चढून उघड्या अंगाने नाचला. पहिला नंबर त्यांचा. आमचा चौथा.

गेल्या मंगळवारी आम्ही मर्व्हिनकडे पेरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, खात बसलो होतो, आणि कंपनीचा फोन आला. ओलेनाने तो सगळ्यांना ऐकू येईलसा लावला. एक यंत्र उरलं होतं. रिंकसाठी आयुष्य वेचलेल्या माणसाच्या गावाला द्यायचं होतं, आणि यादीत दोनच नावं होती.

"मिस्टर डुचाक, तुम्ही रिंकसाठी काय काय केलंत?"

मर्व्हिनने आमच्याकडे पाहिलं. मी बोटांनी एकतीस दाखवले. ओलेनाने त्याच्या डाव्या पायाकडे बोट केलं. त्या पायाची दोन बोटं रिंकच्या बर्फातच गोठून गेली होती.

मर्व्हिन खाकरला. "मी? मी काही विशेष नाही केलं. सगळं गाव राबलं. तो दुसरा माणूस चांगला असेल, त्यालाच द्या."

फोन बंद झाला. मग ओलेनाने त्याच्यापुढची थाळी उचलली आणि माझ्यापुढे ठेवली.

"पोटभर खा," ती मला म्हणाली, "आणि जाताना याला घेऊन जा."