मुलुंडच्या डोंगरावर तीनदा तोच कातळ

आज मुलुंड स्टेशनबाहेर टोपलीत करवंदं दिसली. वास आला आणि मी मनानं थेट मागच्या डोंगरावर पोचलो.

तेव्हा लग्नाला महिना झालेला. बायको मालवणकडची, चाळीत जीव रमेना. रोज एकच, "माका गावाक धाडा." म्हटलं, हिला आपला डोंगर दाखवू, मग राहील. वर काळा कातळ उन्हात तापलेला, सागाची सुकी पानं पायाखाली वाजतायत, आणि मी छाती काढून पुढे. "इथला दगड न् दगड मला ओळखतो."

एका कातळाशी आलो तर तिथे आम्हीच मघाशी थुंकलेल्या करवंदाच्या बिया. तिसऱ्यांदा.

"वाट चुकलात ना?"

"डोंगर फिरला असेल," मी म्हटलं.

ती सरळ सुक्या ओढ्यात उतरली. "पाणी खाली जाता, आपणय तेच्या वाटेन जावया." तासाभरात खाली वस्ती दिसली.

घरी मी घाबरतच विचारलं, "मग, गावाला कधी?"

"तुमका एकट्याक सोडून खय जाव? नाक्यावर गेलात तरी चुकशात."

तेव्हा लाजेनं मान वर होत नव्हती. आता छाती ठोकून सांगतो, त्या दिवशी मला वाट सापडली असती तर बायको गेली असती.