रेवताबाईच्या नावाची अळंबी

सानगडीची रेवता लग्न होऊन नाकाडोंगरीजवळच्या खेड्यात आली, तेव्हा तिला जंगलाची धास्ती वाटायची. माहेरी नजर जाईल तिथवर धानाच्या बांध्या आणि मासे धरायचे तलाव. इथे परसातला कुड ओलांडला की साग सुरू. तिला हाताला धरून जंगलात नेलं ते मोठ्या जावेनं, सुंदरबाईनं. कोणत्या वारुळावर सात्या नावाच्या अळंब्या उगवतात, कोणत्या अळंबीचा देठ मोडला की लाल होतो आणि ती टोपलीत टाकायची नसते, हे सुंदरबाईनं तिला चालता चालता शिकवलं.

त्या वर्षी पोळा दोन दिवसांवर आला होता. नाल्यापलीकडच्या बांबूच्या बेटाशी सुंदरबाई खाली बसली आणि कुजलेला पाला हलकेच बाजूला केला. आत जांभळ्या रंगाच्या, नखाएवढ्या टोपीच्या सात-आठ अळंब्या होत्या.

"हे पाह्य. दुपारपावेतोच राहते. ऊन चढलं का मातीवानी होते," सुंदरबाई म्हणाली.

तिनं त्यातल्या चार खुडून पळसाच्या पानात वेगळ्या बांधल्या. रेवतानं काही विचारलं नाही. जाऊबाई आहे, केव्हाही विचारू, असं तिला वाटलं.

वीस-बावीस वर्षं दोघींनी एका अंगणात काढली. मग सुंदरबाईनं आपल्या भाच्यासाठी रेवताबाईच्या मुलीला, अंजूला मागणी घातली. अंजूला पुढे शिकायचं होतं. रेवताबाईनं नाही म्हटलं, ते ठीक. पण चार बायांसमोर "तुमच्या भाच्याले तं सही करता येत नाही" असंही ती बोलून गेली. त्याच आठवड्यात अंगणाच्या मधोमध बांबूचा कुड उभा राहिला. बोलणं बंद झालं. अंजू शिकून नागपूरला नोकरीला लागली, तरी कुड तसाच राहिला.

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात रिता नावाची एक संशोधक गावात आली. जंगलातल्या अळंब्यांची नोंद करायची, म्हणून तिला कोणीतरी जाणतं माणूस हवं होतं. रेवताबाईचा नवरा मंगरू म्हणाला, "आमच्या घरचीच घेऊन जा. इले सारं मालूम हाय."

चौथ्या दिवशी रेवताबाई तिला बांबूच्या बेटापाशी घेऊन गेली. जांभळ्या टोप्या पाहून रिता गुडघ्यांवर बसली ती तासभर उठलीच नाही. फोटो काढले, पट्टीनं टोपी मोजली, देठ उभा चिरून पाहिला. एक अळंबी तिनं नाकाजवळ नेली.

"मावशी, वास कशासारखा वाटतो तुम्हाला?"

"उकळत्या धानावानी," रेवताबाई म्हणाली. हे शब्द सुंदरबाईचे होते.

रितानं ते लिहून घेतलं. ती उतरली होती त्या शाळेच्या खोलीत तिनं अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कागदावर एक टोपी पालथी ठेवली आणि वर पेला झाकला. दुसऱ्या दिवशी पेला उचलला, तेव्हा काळ्या भागावर फिक्या गुलाबी बीजकणांच्या बारीक रेघा उमटल्या होत्या. रिता हरखून गेली. अशी अळंबी तिनं कुठल्याच पुस्तकात पाहिली नव्हती.

"ही तुम्हाला कोणी दाखवली, मावशी?"

शाळेच्या खिडकीतून दोन्ही घरं दिसत होती. कुडापलीकडे सुंदरबाई सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली होती. रेवताबाईनं तिकडं पाहिलं आणि मान फिरवली.

"कोनी नाही. मलेच दिसली."

पुढे दीड वर्ष प्रयोगशाळेत तपासणी चालली. मग वर्णन छापून आलं. ही जात जगात आजवर कुणी नोंदवली नव्हती. तिच्या शास्त्रीय नावातला दुसरा शब्द रेवताबाईच्या नावावरून घेतला होता. पंचायतीनं शाल-श्रीफळ दिलं. टाळ्या वाजत असताना रेवताबाईला मागच्या रांगेत सुंदरबाई दिसली. तीही टाळ्या वाजवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुडापलीकडून आवाज आला. कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच.

"बरं झालं वं, रेवता. त्या बिचारीले नाव तं भेटलं."

आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर रेवताबाई भांडली असती आणि भांडता भांडता खरं बोलून गेली असती. पण ती नुसती "हो" म्हणाली आणि घागर उचलून नळावर गेली. परत येईस्तोवर सुंदरबाई घरात गेली होती. आज बोलू, उद्या बोलू, करत उन्हाळा लागला.

चैत्रात सुंदरबाईला लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. रेवताबाई दारापर्यंत दोनदा गेली आणि दोन्ही वेळा आत माणसं आहेत म्हणून परत फिरली.

रिताचा फोन आला तो मृगात. "मावशी, ही अळंबी खातात का? की औषधाला वापरतात? वर्णनात आम्ही 'माहिती नाही' असं लिहिलंय."

रेवताबाईला पळसाच्या पानात बांधलेल्या त्या चार अळंब्या आठवल्या. त्या कशासाठी, हे विचारायचं राहूनच गेलं होतं. फोन ठेवून ती तशीच कुडाला वळसा घालून गेली. सुंदरबाईची सून रूपा खाटेजवळ बसून तिला पेज भरवत होती. रेवताबाई खाटेच्या पायथ्याशी भुईवर बसली.

"बाई, थे अळंबी तुमी दाखवली होती मले. मी मॅडमले खोटं सांगतलं. तुमचं नाव घ्याले जीभच उचलली नाही माही."

रूपाचा हात थांबला. सुंदरबाई रेवताबाईकडे बराच वेळ पाहत राहिली. तिचे ओठ हलले. घशातून घरघर आली, शब्द आला नाही. मग तिनं हळूच तोंड भिंतीकडे फिरवलं.

"उजेड लागते तिच्या डोळ्याले," रूपा म्हणाली.

ते तसंच असेल, किंवा नसेलही. अळंबीचं विचारायला आलेल्या रेवताबाईच्यानं मग ते विचारवलं नाही. आठवड्यानं सुंदरबाई गेली.

तेरवी झाल्यावर रेवताबाईनं रिताला फोन करून सगळं सांगितलं. "माहं नाव काढून तिचं टाका."

"एकदा छापलेलं नाव बदलता येत नाही, मावशी. तसा नियमच आहे. पण पुढच्या लेखात लिहिते, की ही अळंबी आधी कोण ओळखत होतं."

तिनं शब्द पाळला. लेख इंग्रजीत होता. रेवताबाईनं तो छापील कागद रूपाच्या हातात दिला आणि सुंदरबाईचं नाव होतं त्या ओळीवर बोट ठेवलं. रूपानं ती ओळ अडखळत वाचली. "मले कागद कायले दाखवता, काकी?" ती म्हणाली. "तिले सांगाचं होतं. बोलत होती तवा." मग तिनं कागदाची घडी करून सुंदरबाईच्या पेटीत ठेवली आणि चहा टाकायला उठली.

रेवताबाई चहा घ्यायला थांबली. यंदा श्रावण सरता सरता ती एकटीच बांबूच्या बेटाशी गेली. अळंब्या आल्या होत्या. तिनं एकीलाही हात लावला नाही. ऊन चढेस्तोवर ती तिथेच बसून राहिली.