गालिच्याखालची रांगोळी

"खरं सांगा, ह्याच्या आदी कोनी हात लावलान?"

गाडी समोर आली की आमचे मिस्त्री आधी बॉनेटकडे बघत नसत, मालकाच्या तोंडाकडे बघत. आपण "कोणी नाही हो" म्हटलं की मान तिरकी करून "बगू" म्हणत. तुम्ही खोटं बोलताय, असा त्या "बगू"चा अर्थ होता. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. का लिहिलंत, म्हणून त्यांनी माझ्यावरच संशय घेतला असता.

नाचणे गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं गॅरेज. वडिलांची जुनी गाडी घेऊन मी तिथे गेलो तो नाइलाजाने. वडील जाऊन वर्ष झालं होतं. पावसात डाव्या सीटच्या पायाशी पाणी साचायचं आणि गाडीला ओल्या गोणपाटाचा वास यायचा. आईला दमा. त्या वासाने तिला धाप लागायची, पण दुसऱ्या गाडीत बसायला ती तयार नव्हती. "ह्यांची गाडी आहे ती," एवढंच म्हणायची. गणपतीपर्यंत कोरडी झाली नाही तर विकून टाकू, असं मी तिला सांगितलं. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

आधीच्या दोन मेकॅनिकांनी दारांची रबरं बदलली होती, काचेला सिलिकॉन फासलं होतं. मिस्त्रींनी तसलं काहीच केलं नाही. गालिचा उचलला, खालचा पत्रा पुसला आणि खिशातून पुडी काढून त्यावर रांगोळीची एक बारीक रेघ ओढली.

"पावसात फिरवा नि परवा या. पानी जिथं दिसतं तिथून येत नाय. रेघ पयली कुठं मोडते ती बगायची."

परवा गेलो. मोडलेली रेघ त्यांनी पुसली आणि थोडी वर दुसरी ओढली. "परवा या." असं चार वेळा. दिवाळीला आमच्या दारात पडत नाही एवढी रांगोळी त्या गाडीत पडली. ह्यांना काम येत नसावं, नाहीतर मुद्दाम लटकवत असावेत, अशी माझी खात्री होत चालली. वर मलाच विचारायचे, "घरात आनि कोन हात लावतं?"

"घरात मी आणि आई. आईने काय पान्याने गाडी खोलली?"

"बगू," मिस्त्री म्हणाले.

गणपती आठ दिवसांवर आले तेव्हा त्यांनी गाडी ठेवून घेतली. ह्यांना रंगेहाथ पकडायचं म्हणून मी न कळवता, आईला साक्षीला घेऊन, भर पावसात रिक्षाने पोचलो. गाडी शेडबाहेर पावसात उभी. काचा बंद. आत मिस्त्री डोळे मिटून पडलेले. माझं डोकंच फिरलं. काचेवर थाप मारली, तर डोळे न उघडता त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

थोड्या वेळाने ते बाहेर आले. "आत डबकं भरतंय. आवाज येतो," म्हणाले. वायपरखालची जाळी काढली, तर तिथे खरंच पाणी तुंबलेलं. कोपरापर्यंत हात घालून त्यांनी एक बूच उपसलं. निळ्या स्लिपरचा कापलेला तुकडा. पाणी भसकन खाली गेलं.

"पानी जायची वाटच बंद केलान कोनीतरी. मी सांगत नवतो?" त्यांनी विजयाने माझ्याकडे पाहिलं.

आई शेडमधून पुढे आली. "ह्यांची चप्पल ती," म्हणाली. "उंदीर वायरी कुरतडायचे. हे एक दिवस सगळी भोकं बुजवत बसले होते."

जन्मभर ज्याला शोधलं तो गुन्हेगार अखेर सापडला होता आणि मिस्त्रींना त्याला काही बोलता येईना. त्यांनी तो तुकडा शर्टाला पुसून आईच्या हातात दिला.

"बसवलान मात्र नीट, वयनी. गाडी राखायसाठीच लावलान."

मला त्या क्षणी स्वतःची फार लाज वाटली.

त्या भोकाला त्यांनी उंदीर येणार नाही अशी बारीक जाळी बसवली. नवा गालिचा घालण्याआधी पत्र्याच्या खाचेत, घासली जाणार नाही अशी, शेवटची एक रेघ ओढली. "ही पुसू नका. मोडली तर या."

त्याला तीन पावसाळे झाले. मिस्त्री गेल्या मे महिन्यात वारले. शेडला कुलूप आहे. रेघ मोडली तर आता कुणाकडे जायचं, मला ठाऊक नाही. तरी मोठी सर येऊन गेली की मी गालिच्याचा कोपरा उचलून बघतो. आई पुढच्या सीटवर पाय वर धरून बसलेली असते.

"मोडली?"

"नाही."

मग ती पाय हळूच खाली ठेवते.