साडेचार सेंटिमीटरचा फरक

टेपकाकांनी आयुष्याची चौतीस वर्षं विहिरींत डोकावण्यात घालवली. ऐकायला विनोदी वाटतं, पण सरकारी नोकरी होती. महिन्यातून दोनदा बावीस विहिरी. पोलादी टेपच्या टोकाला खडू फासायचा, टेप विहिरीत सोडायची, काठावरच्या लाल खुणेपाशी टेपवरचा एखादा पुरा मीटर धरायचा आणि मग वर ओढायची. खडू भिजला असेल तेवढं माप वजा केलं की पाणी काठापासून किती खाली आहे ते कळतं. वहीत आकडा, पुढे सही, चला पुढच्या विहिरीला. ज्याला हे पोरखेळ वाटतं त्याने वर्षभर न चुकता करून दाखवावं. सहाव्या महिन्यातच तो घरी बसून आकडे लिहायला लागेल.

टेपकाकांनी घरी बसून एकही आकडा लिहिला नाही. तीच त्यांची सगळी कमाई आणि तोच त्यांचा तोरा.

निवृत्तीला चार महिने उरले असताना खात्याने सगळ्या विहिरींची नव्याने पाहणी काढली. प्रत्येक विहिरीची जागा, काठाची उंची, फोटो, आणि जुन्या वह्यांतली नोंद न् नोंद संगणकात. त्यासाठी एक मुलगी नेमली होती. पंचविशीतली, जाड चष्मा, चालणं तुरुतुरु आणि बोलणं त्याहून. ऑफिसात तिला सगळे चष्मेवाली म्हणत. तिच्या तोंडावरही म्हणत, आणि ती ओ देई.

पहिले तीन आठवडे दोघांचं छान जमलं. काका खूण दाखवत, ती उंची मोजी. "काका, या खुणेला रंग कधी दिला होता?" असं तिने विचारलं की काका वर्ष सांगत, महिनाही सांगत. मग एका दुपारी तिने त्यांना आपल्या टेबलाशी बोलावलं.

"काका, अकरा नंबरच्या विहिरीवर यंत्र बसवलंय ना, आपोआप पातळी लिहिणारं?"

"आहे की. पंधरा वर्षं झाली."

"त्याचे आकडे आणि तुमचे आकडे मी शेजारी शेजारी लावले. पंधरा वर्षं अर्ध्या सेंटिमीटरपलीकडे फरक नाही. फक्त बारा वर्षांपूर्वीचे सात महिने सोडून. त्या सात महिन्यांत तुमचं पाणी यंत्रापेक्षा साडेचार सेंटिमीटर खाली आहे. दर वेळी."

काका पडद्याकडे बघत राहिले. दोन रेघा, एक निळी, एक तांबडी. हात धरून चाललेल्या, मधेच थोड्या फटकून, मग परत जवळ.

"आणि काका, त्याच सात महिन्यांत वहीतलं अक्षर वेगळं आहे. नऊला शेपूट आहे. तुमच्या नऊला नसतं."

"हात दुखत होता," काका म्हणाले. चौतीस वर्षांत त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं खोटं, आणि ते इतकं कच्चं होतं की मुलगी बिचारी वहीत बघायला लागली.

"नियम असा आहे," ती हळू म्हणाली, "की एका विहिरीवर मापाचा भरवसा नसेल आणि कारण सापडत नसेल, तर त्या काळातल्या बावीसच्या बावीस विहिरींच्या नोंदी रद्द करायच्या. तीनशे आठ होतात. सोमवारी साहेबांकडे यादी द्यायचीय. ते कोरडं वर्ष होतं काका. ते एक यंत्र सोडलं तर त्या वर्षाचं दुसरं काहीच नाही आपल्याकडे."

हे काकांना कुणी सांगायला हवं होतं का! त्याच कोरड्या वर्षी, सुरुवातीलाच, ते एका विहिरीच्या पायरीवरून घसरले होते आणि मांडीचं हाड मोडून घेतलं होतं. रजा टाकली असती तर बदली माणूस मिळणार नव्हता, फेऱ्या बंद पडल्या असत्या. तेव्हा ऑफिस लांबच्या शहरात होतं, वह्या टपालाने जात. मग सात महिने काकू गेल्या. काकांची बायको. सायकलवर, टेप खांद्याला, बावीस विहिरी, महिन्यातून दोनदा. काका खाटेवरून सही करत. कानोकान खबर लागली नाही कुणाला.

घरी येऊन काकांनी चप्पल काढता काढताच सांगून टाकलं. काकू वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होत्या.

"माझे आकडे चुकले?" त्यांनी उशीचा अभ्रा खाली ठेवला. "कोण म्हणतं? ती चष्मेवाली?"

"अगं, यंत्र म्हणतं."

"यंत्राला सांगा, चुकणारा माणूस दर वेळी वेगळं चुकतो. कधी दोन, कधी सात. सात महिने नेमकं एवढंच चुकायचं म्हणजे त्याला अक्कल लागते. किती म्हणालात?"

"साडेचार सेंटिमीटर."

काकू गप्प झाल्या. काकू गप्प होणं ही त्या घरात पंचांगात नोंदवावी अशी गोष्ट. मग त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथून ओरडल्या, "इकडे या! आणि फ्रिजला हात लावा!"

"आता फ्रिज कशाला?"

"उचला म्हणते ना!"

फ्रिजखाली एक जाड फळी होती, ओल लागू नये म्हणून सरकवलेली. दोघांनी मिळून फ्रिज तिरका केला, काकूंनी पायाने फळी ओढली, काकांनी टेप लावली. साडेचार. ना केस कमी, ना केस जास्त.

"तुम्हीच म्हणाला होतात," काकू धापा टाकत म्हणाल्या, "काठावर वाकू नकोस, तोल जाईल. फळी आडवी टाक, तिच्यावर पालथी पड, आणि हात टेकतो तिथे टेप धर. खाटेवरून रोज दहा वेळा म्हणायचात. मी सायकलला बांधून न्यायची ही फळी. खुणेच्या बरोब्बर वर ठेवायची. आणि टेप फळीवर धरायची, तुम्ही सांगितलं तश्शी."

काका जमिनीवरच बसले. बायको विहिरीत पडेल या धास्तीने त्यांनी तिला फळी दिली आणि फळीची जाडी वजा करायला मात्र विसरले. चोविसाव्या वर्षापासून मापं घेणारा माणूस! घाबरलेल्या नवऱ्याला वजाबाकी येत नाही, दुसरं काय.

"म्हणजे आकडे बरोबर आहेत," ते म्हणाले. "साडेचार वजा केले की झालं."

"आणि ही फळी कुणाची, कोण पालथं पडलं होतं तिच्यावर, ते काय सांगाल?" काकू परत घड्यांकडे वळल्या. "खोडू द्या त्यांना. तीन महिने राहिलेत तुमचे. चौकशी लागली तर पेन्शन अडकवतील. झाली माझी हौस तेव्हाच."

आवाज अगदी साधा होता. पण अभ्र्याची घडी त्यांनी तीनदा घातली आणि तीनदा मोडली. काकांनी ते बघितलं. त्या सात महिन्यांत ही बाई उन्हाने काळीठिक्कर पडली होती, आणि फेरीवरून आली की हातपाय धुण्याआधी खाटेशी येऊन सांगायची, "चौदा नंबरचं अजून एक वीत खाली गेलं हो." कुणी आजारी माणसाची तब्येत सांगावी तशी. तिच्या कुठल्याही कामावर आजवर तिची सही पडली नव्हती. जी पडली ती नवऱ्याची.

सोमवारी काका फळी घेऊन बसमध्ये चढले. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, हिचं पण तिकीट लागेल." काका म्हणाले, "द्या."

फळी त्यांनी साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. साहेब तरुण होते, चिडण्यात मात्र म्हाताऱ्यांच्या वरताण.

"हे सांगायला बारा वर्षं लागली तुम्हाला?"

"कुणी विचारलं नाही साहेब."

"आणि तुमच्या मिसेसना मोजता येत होतं कशावरून?"

काका काही बोलायच्या आत चष्मेवालीने फळीला टेप लावली होती. "साहेब, साडेचार वजा केले तर अकरा नंबरच्या चौदाही नोंदी यंत्राशी जुळतात. काकांची स्वतःची मापंसुद्धा कधी कधी अर्ध्या सेंटिमीटरने हलतात. या हलत नाहीत."

साहेबांनी फळीकडे बघितलं, मुलीकडे बघितलं, आणि पेनाचं टोपण काढलं. नोंदी राहतील, म्हणाले, दुरुस्तीसह, कारणासह. आणि काकांना लेखी ताकीद. पेन्शनला धक्का नाही, पण ताकीद ती ताकीद, फाईलला लागणार.

"माप घेणाऱ्याच्या रकान्यात काय लिहू?" मुलीने बाहेर आल्यावर विचारलं. काकांनी बायकोचं नाव सांगितलं, माहेरचं आडनाव नको, सासरचं नको, नुसतं नाव, आणि ती टाइप करेपर्यंत मागे उभे राहिले. मग म्हणाले, "खाली खाली तेच येईल ना? तीनशे आठ वेळा?"

"येईल काका."

संध्याकाळी काकूंनी चष्मा लावून ताकीद वाचली. "सदर कालावधीत एका अनधिकृत व्यक्तीने ३०८ मोजमापे घेतली, ती तपासणीअंती अचूक आढळली असली तरी..." पुढे बरंच होतं.

"अनधिकृत व्यक्ती म्हणजे मीच ना?"

"तूच."

"तीनशे आठ. आकडा बरोबर लिहिलाय." त्यांनी ते पुन्हा वाचलं, 'अचूक' या शब्दावर बोट ठेवून. "आणि तुम्हाला ओरडले का फार?"

"ओरडले थोडे."

"बरं झालं. वजा करायला विसरता म्हणजे काय!"

काकांच्या बढतीची पत्रं त्या घरात कुठल्या ड्रॉवरमध्ये आहेत ते कुणाला सांगता येणार नाही. ताकिदीचं पत्र मात्र काकूंनी पोरांच्या जन्मदाखल्यांच्या पिशवीत घातलं, पिशवीचं तोंड दोनदा दुमडलं आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवून दिलं.