येशूच्या नावाची शपथ

अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातल्या त्या लहानशा गावात निवडणूक म्हटली की मतदारांची नावं तपासायला बॅप्टिस्ट चर्चच्या हॉलमध्ये टेबलामागे व्हर्लीन टिडवेल बसलेली असायची आणि तिच्या शेजारी एस्टर लाइबमन. एस्टर ज्यू. तिच्या आजोबांपासून गावात त्यांचं बुटांचं दुकान. मतदारांच्या टोप्यांवरून कुजबुजत हसायचं आणि एस्टरने भाजून आणलेली, सुक्यामेव्याची गोड 'पिकन पाय' दोघींनी मिळून संपवायची, असा त्यांचा दिवस जायचा.

मग 'आपला जिल्हा ख्रिस्ताचा' म्हणणारे जिल्हा मंडळावर निवडून आले. व्हर्लीनचं मतही त्यांनाच होतं. त्यांचा पुढारी ड्वेन पकेट लहानपणी चर्चमध्ये तिच्याच रविवारच्या वर्गात बायबल शिकला होता. आल्या आल्या त्यांनी ठराव केला : मतदान केंद्रावर काम करायचं तर येशूच्या नावाने शपथ घ्यायची.

एस्टरने नाही म्हटलं. व्हर्लीन ड्वेनकडे गेली.

"अरे, एस्टरला काढलंस?"

"कुठे काढलं, मिस व्हर्लीन? शपथ घ्या एवढंच म्हणतोय."

"ती ज्यू. येशूला मानतच नाही, शपथ कशी घेईल?"

"येशूची लाज बाळगायची नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

शिकवलं होतं खरं. व्हर्लीन घरी आली, आणि मतदानाच्या सकाळी तिने शपथ घेतली.

दुपारी एस्टर मत द्यायला आली. व्हर्लीनशेजारी, एस्टरच्या जागी बसलेला ड्वेनचा मेहुणा तिचं ओळखपत्र उलटसुलट करत म्हणाला, "पत्ता सांगा."

"पत्ता कसला विचारतोस? तिच्याच दुकानातले बूट आहेत तुझ्या पायात!" व्हर्लीन म्हणाली. हॉल हसला. एस्टर हसली नाही.

"तू घेतलीस शपथ?" तिने विचारलं.

"हो. रागावलीस?"

"कळत नाही गं. आज पहिल्यांदा इथे पाहुणी आल्यासारखं वाटलं."

ती गेल्यावर व्हर्लीनने छातीवरचा बिल्ला काढला, टेबलावर ठेवला आणि ती बाहेर जाऊन गाडीत बसली. आपण येशूसाठी उठलो की येशूविरुद्ध, तिला उमगेना.

पुढे एस्टर कोर्टात गेली आणि तो ठराव रद्द झाला. व्हर्लीन धावत दुकानात आली. "आता येशील ना परत?"

"कोर्टाने बसू दिलं, पण गावाचं काय?" एस्टर एका मुलीच्या पायाचं माप घेत म्हणाली. "तू जा. तुला आवडतं ते काम."

रविवारी चर्चच्या दारात ड्वेनने व्हर्लीनचे दोन्ही हात धरले. "माझ्यासाठी प्रार्थना करा, मिस व्हर्लीन. फार विरोध होतोय."

तिने मान खाली घातली. देवाकडे काय मागावं ते सुचेना, तरी तिने त्याचे हात सोडले नाहीत.