आत्याचं जीवशास्त्र

माझी आत्या शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात कटर होती. कटर म्हणजे फक्त कापणारी. शिवणारे वेगळे, काजं-बटणं करणारे वेगळे. कापणारीची चूक शिवणाऱ्याला निस्तरता येत नाही, त्यामुळे तिथे तिचा दरारा होता आणि तो तिला आवडायचाही. पाठीमागे सगळे तिला ‘कात्री’ म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती. जीभही त्याच धारेची होती, हे मी तिची भाची म्हणून सांगते. कारखान्यापेक्षा ते घरच्यांनी जास्त सोसलंय.

शाळा तिनं अर्ध्यात सोडली होती आणि त्याची खंत तिला कधी वाटल्याचं मला आठवत नाही. “पुस्तकं वाचून कुणाची कॉलर बसली आहे का?” असं ती विचारायची. मी छापखान्यात प्रुफं तपासायचे, म्हणजे दिवसभर पुस्तकंच वाचायचे. तेव्हा हा टोला कुणाला असायचा ते उघड होतं.

मग एक दिवस कारखान्यात वाफेचा पाइप फुटला आणि इस्त्री करणाऱ्या बाईचे हात भाजले. जखमा भरल्यावर ती कामावर परत आली ती अंगात एक घट्ट, ताणणाऱ्या कापडाचं जाकीट घालून. भाजलेल्या जागी व्रण जाड होऊन वर येऊ नयेत म्हणून असं जाकीट महिनोन्महिने अंगावर ठेवावं लागतं, ते मोठ्या दवाखान्यातच शिवतात. आत्यानं तिची विचारपूस केली असेल असं कुणाला वाटेल. तिनं सरळ इस्त्रीवालीच्या बगलेत बोट घातलं.

“इथे चुणी आहे. घासत असेल.”

“घासतं ना. सोलवटून निघालंय.”

“कुठल्या गाढवानं कापलंय हे?”

सुटीच्या दिवशी ती त्या गाढवाला शोधत दवाखान्यात गेली. तळमजल्यावर एक छोटी कार्यशाळा होती, तिथल्या प्रमुख बाईंनी तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, चुणी आहे हे खरं, आम्हाला माणूस कमी पडतोय. एक जागा भरायची आहे, उन्हाळ्यापर्यंत थांबता येईल. पण शाळेची शेवटची परीक्षा पास हवी, आणि तीत जीवशास्त्र हवं. इथे माणसाच्या अंगावरचं काम असतं.

“मग मी आयुष्यभर काय गाईम्हशींचे कपडे कापले?” आत्या म्हणाली.

नियम आहे, असं उत्तर मिळालं. आत्या घरी आली ती फणफणतच, पण दोन दिवसांनी तिनं संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. ती जागा तिला हवी होती. इतकी हवी होती की त्याबद्दल ती घरात बोलेनाशी झाली, आणि तिचं गप्प बसणं म्हणजे काय हे आम्हाला माहीत होतं.

विषय चार: भाषा, इतिहास, गणित आणि जीवशास्त्र. गणितातली भूमिती तिनं बसल्या बैठकीला संपवली. इतिहासाच्या पुस्तकातले राजे तिला पटले नाहीत. “याचा खांदा बघ कसा पडलाय. याच्या दरबारात एक धड शिंपी नाही आणि निघाला जग जिंकायला.” तरी तहांच्या अटी तिला फटाफट पाठ होत. अटी म्हणजे ऑर्डर, कुणी काय द्यायचं आणि कधी, एवढंच तर आहे असं ती म्हणायची. भाषेच्या निबंधात मात्र ती चार ओळींच्या पुढे जात नसे. सांगायचं ते सांगून झाल्यावर लोक पुढे काय लिहितात, हे मला समजावता आलं नाही.

जीवशास्त्रानं तिच्या नाकी नऊ आणले. पेशी दिसत नाही आणि तरी आहे, इथेच तिची गाडी अडली. मी प्रश्न विचारायचे, ती कांदा चिरता चिरता उत्तरं द्यायची. काका, म्हणजे तिचा नवरा, लिफ्ट दुरुस्त करून दमून आलेले, कोपऱ्यात बसून ऐकायचे. एकदा तिनं ग्रंथी आणि विकरं यांचा असा काही गोंधळ घातला की काकाच तिकडून म्हणाले, “अगं, पित्त यकृतात बनतं!” आत्यानं सुरी खाली ठेवली. “तुम्हीच बसा परीक्षेला,” म्हणाली. त्यानंतर काका मनातल्या मनात उत्तरं देऊ लागले. त्यांचे ओठ हलताना दिसत.

शेवटी तिनं तिच्या पद्धतीनं तोडगा काढला. कारखान्यात कपडे अंगावर चढवून बघायला बिनडोक्याचा एक पुतळा असतो. त्यावर तिनं टाचण्यांनी चिठ्ठ्या लावल्या. जठर, यकृत, फुप्फुसं, मूत्रपिंडं. दुपारी डबा खाताना ती पुतळ्याभोवती फिरून पाठ करायची, बटणवाल्या तिची उजळणी घ्यायच्या. त्यांचंही जीवशास्त्र पक्कं झालं. मालक एकदा गिऱ्हाइकाला घेऊन आला तेव्हा गिऱ्हाइकानं विचारलं, हे कुठल्या शाळेचं? मालकानं कपाळाला हात लावला, पण चिठ्ठ्या काढायला लावल्या नाहीत.

परीक्षा झाली. आत्या खुशीत होती. हृदयाची आकृती आली होती आणि ती तिनं “एकदम टापटीप” काढली होती. निकाल लागला तेव्हा तीन विषयांत ती चांगली पास होती आणि जीवशास्त्रात नापास.

जीवशास्त्राच्या शिक्षिका माझ्यापेक्षाही लहान, शांत स्वभावाच्या. त्यांनी आम्हाला उत्तरपत्रिका दाखवली. पानाच्या मधोमध एक तुटक उभी रेघ होती. तिच्या उजवीकडे अर्धं हृदय, इतकं सुबक की छापायला द्यावं. डावीकडे काही नाही. रेघेवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘घडी’. आणि कडेनं सगळीकडून शिलाईसाठी थोडी जागा जास्त सोडलेली, जिला शिंपी माया म्हणतात.

आता, शिवणकामात पाठीचा नमुना कुणी अख्खा काढत नाही. अर्धा काढायचा, कागद दुमडायचा, कापला की दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या येतात. आत्यानं उभ्या आयुष्यात नमुन्याची दुसरी बाजू काढली नव्हती. ते मला कळत होतं. तरीही माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण परीक्षेच्या आदल्याच दिवशी हृदयाचे चार कप्पे तिनं मला घडाघडा म्हणून दाखवले होते.

“अगं, दुसरी बाजू कुठे आहे?”

“तशीच ती,” आत्या म्हणाली. “वेगळी कशाला काढायची?”

शिक्षिका हसल्या नाहीत. त्यांना हसू आवरायला किती कष्ट पडले ते मात्र मला दिसलं. “ताई, उद्या प्रयोगशाळेत या,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खाटकाकडून बकऱ्याचं हृदय आणून ट्रेमध्ये ठेवलं होतं. त्यांनी ते उभं चिरलं आणि आत्याला म्हणाल्या, दोन्हीकडच्या भिंती चिमटीत धरून बघा. कापडाचा पोत बघते तशी आत्यानं चिमूट घेतली. उजवी भिंत पातळ होती. डावी चांगलीच जाड, कारण तिला साऱ्या शरीरात रक्त ढकलायचं असतं आणि उजवीला फक्त फुप्फुसांपर्यंत. आत्यानं पुन्हा उजवी धरली, पुन्हा डावी.

“आणि बाकीचं?” तिनं विचारलं.

बाकीचंही तसंच. यकृत एका बाजूला, जठर दुसऱ्या. डावं फुप्फुस लहान. एक मूत्रपिंड खाली, एक वर.

“म्हणजे आतून सगळीच ओढाताण,” आत्या म्हणाली. तिला राग आला होता, पण कुणाचा ते तिला ठरवता येईना. घरी येताना ती रस्त्यावरच्या माणसांकडे टक लावून बघत होती. कारखान्यात माप म्हणजे नंबर, अठ्ठावीस, तीस, बत्तीस. त्या नंबरांत कोण शिरतं हे बघायची तिच्यावर कधी वेळच आली नव्हती.

फेरपरीक्षेत ती काठावर पास झाली. आम्ही तिचं अभिनंदन केलं तर म्हणाली, “जागा मिळू दे आधी.” उन्हाळा सुरू झालाच होता. दवाखान्यात ती मला बरोबर घेऊन गेली. आधारासाठी नव्हे, कागदपत्रं धरायला, असं तिनं स्पष्ट केलं.

प्रमुख बाईंनी गुणपत्रिका बघितलीसुद्धा नाही. टेबलाशी एक माणूस उघड्या अंगानं बसला होता, बेकरीत भट्टीवर काम करणारा. दोन्ही हात खांद्यापर्यंत भाजून भरून आलेले, कातडी लाल आणि ओढलेली. हात त्यानं मांडीवर टेबलाखाली धरले होते. “यांचं जाकीट करायचंय,” प्रमुख बाई म्हणाल्या. “माप घ्या. मग बोलू.”

त्यानं उजवा हात वर घेतला. आत्यानं टेप धरली ती हातापासून लांबच.

“हवेचं माप नको,” प्रमुख बाई म्हणाल्या. “टेकवा.”

तिनं टेकवली. मनगट, कोपर, दंड, बगल. प्रत्येक आकडा कागदावर उतरवला, बगलेशी दोनदा थांबली. मग टेप बोटांभोवती गुंडाळली आणि म्हणाली, “झालं.”

त्या माणसानं सावकाश डावा हात टेबलावर ठेवला.

“बाई, ही बाजू राहिली.”

सगळं संपलं असं मला वाटलं, आणि वाईट वाटलं. आत्या कानापर्यंत लाल झाली. “माफ करा,” ती म्हणाली. हे शब्द मी तिच्या तोंडून तोवर ऐकले नव्हते.

तिनं टेप उलगडली. डावा हात सगळीकडेच बारीक होता आणि कोपरात सरळ होत नव्हता. आत्या खाली वाकली. तिनं कोपराचं आतलं माप वेगळं घेतलं, बाहेरचं वेगळं. तो हात तिनं तळव्यावर तोलून धरला होता आणि तिला कसलीही घाई नव्हती. कागदावर आता आकड्यांच्या दोन रांगा झाल्या. एकही जोडी जुळत नव्हती.

प्रमुख बाईंनी कागद ओढून घेतला. “नवे आलेले सगळे एकच हात मोजतात,” त्या कागदाकडे बघत म्हणाल्या. “मी त्यासाठीच थांबते, दुसरा कसा मोजतात ते बघायला. सोमवारपासून या.”

पण त्याच वेळी त्या माणसानं हळूच विचारलं होतं, “सारखे भरले का हो दोन्ही?”

आत्या त्याच्याकडे बघत राहिली. निदान आज तरी हिनं खोटं बोलावं, असं मला मनापासून वाटलं.

“नाही,” ती म्हणाली. “डावा वाळलाय. बाही त्याच्या मापाची वेगळी करीन. टोचणार नाही.”

त्यानं मान हलवली. दोन्ही हात आता टेबलावर होते आणि त्यानं ते तिथेच राहू दिले.

मग आत्या प्रमुख बाईंकडे वळली. “तुम्ही काही म्हणालात का?”